दोन हजार पौंड गेले, दोन हजार पौंड आले

माझा धाकटा चुलतभाऊ तासगाव तालुक्यातल्या एका गावी हायस्कुलात गणित शिकवतो. २०२५च्या मे महिन्यात एके दिवशी सकाळीच तो पुण्याला आमच्या दारात उभा राहिला. हातात कापडी पिशवी, पिशवीत दोन किलो बेदाणे आणि बेदाण्यांच्या पुड्याखाली जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटात घडी न घालता ठेवलेला चेक. दोन लाख तीस हजारांचा. चहा व्हायच्या आधीच त्याने ते पाकीट माझ्यापुढे सरकवले. ‘‘दादा, एवढं काम करा. पोरीचं विद्यापीठ डिपॉझिट मागतंय, चार दिवसांची मुदत आहे आणि माझ्याकडे तुमच्यासारखं कार्ड नाही.’’

पोरगी हुशार. सांगलीत बी. फार्म. केले आणि इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात एमएस्सीला प्रवेश मिळवला. डिपॉझिट दोन हजार पौंड. ते भरल्याशिवाय विद्यापीठ पुढचे पत्र देत नाही आणि त्या पत्राशिवाय व्हिसाचा अर्ज होत नाही. बँकेतून रीतसर पैसे पाठवायचे तर फॉर्म भरा, सह्या करा, परदेशी चलनाचे काम पाहणाऱ्या शाखेपर्यंत कागद जाऊ द्या; एवढा वेळ नव्हता. क्रेडिट कार्डाने मात्र संगणकापुढे बसल्या बसल्या दोन मिनिटांत काम होते. मी तीस वर्षे विमा कचेरीत हिशेब सांभाळून निवृत्त झालेला माणूस. कार्ड जपून वापरतो, बिल वेळेवर भरतो. ‘‘काळजी करू नकोस,’’ म्हणालो आणि भरले पैसे.

पौंडाचा दर तेव्हा साधारण ११५ रुपये होता. (हिशेब समजायला सोपा जावा म्हणून या लेखात मी दर गोल केले आहेत.) दोन हजार गुणिले एकशे पंधरा, दोन लाख तीस हजार. चेक बरोबर होता. महिनाअखेरीस बिल आले ते मात्र २,३९,४९९ रुपयांचे. डिपॉझिटच्या ओळीखाली आणखी दोन ओळी होत्या. ‘परकीय चलन मार्कअप’ ८,०५० रुपये, आणि त्या मार्कअपवर अठरा टक्के जीएसटी, १,४४९ रुपये. मी भावाला फोन केला. फोन करताना जीभ जरा जड झाली, कारण हे मला आधी सांगता आले असते; पण खरे सांगायचे तर मलाच ते नीट ठाऊक नव्हते. त्याने काही विचारले नाही. संध्याकाळी ९,४९९ रुपये माझ्या खात्यावर जमा झाले.

पुढे व्हिसा नाकारला गेला. इंग्लंडच्या नियमाप्रमाणे खर्चाची रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. मधले तीन दिवस शिल्लक ठरलेल्या रकमेच्या खाली गेली होती. शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढणाऱ्या माणसाच्या खात्याचे असेच व्हायचे, त्याला काय करणार! विद्यापीठाने मात्र सभ्यपणा दाखवला. पत्र आले: तुमच्या डिपॉझिटचा पूर्ण परतावा देत आहोत, ज्या कार्डावरून आले त्याच कार्डावर. पोरीने मला निरोप पाठवला, ‘‘काका, फुल रिफंड!’’ त्या घरात त्या महिन्यातली तेवढीच एक बरी बातमी होती.

ऑक्टोबरात परतावा माझ्या कार्डावर जमा झाला. २,३६,००० रुपये. म्हणजे भरलेल्यापेक्षा ३,४९९ रुपये कमी.

पत्नी म्हणाली, ‘‘चला, थोडक्यात निभावलं.’’ मलाही क्षणभर तसेच वाटले. गावाला फोन केला तेव्हा मात्र गणिताचे मास्तर काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘‘दादा, दोन हजार पौंड गेले, दोन हजार पौंड आले. बाकी शून्य यायला पाहिजे.’’

या शून्याचा शोध घेता घेता मी पुढचे तीन-चार महिने जे वाचले, विचारले आणि लिहिले, ते आज वाचकांपुढे ठेवतो आहे. घराघरांतली मुले आता परदेशी विद्यापीठांचे अर्ज भरतात, आईवडील मुलांकडे जाताना हॉटेले आणि विमाने घरूनच ठरवतात, कोणी परदेशी दुकानातून पुस्तक मागवतो. त्यातले काही ना काही रद्द होतेच. तेव्हा हा प्रश्न आता मूठभर श्रीमंतांचा राहिलेला नाही.

आधी त्या ३,४९९चे कोडे सोडवू. मे ते ऑक्टोबर या काळात रुपया घसरला आणि पौंड ११५वरून ११८वर गेला. परतावा ज्या दिवशी येतो त्या दिवसाच्या दराने तो रुपयांत बदलला जातो. त्यामुळे दोन हजार पौंडांचे आता सहा हजार रुपये जास्त आले. हे सहा हजार कोणाचे? ज्याचे पौंड अडकून पडले होते त्याचे, म्हणजे माझ्या भावाचे. पौंड घसरला असता तर तोटाही त्यालाच सोसावा लागला असता आणि त्याबद्दल कोणाला दोष देता आला नसता. पण शुल्क आणि कर मिळून ९,४९९ रुपये बँकेने घेतले होते ते परत आलेच नाहीत. त्या खड्ड्यात रुपयाच्या घसरणीचे सहा हजार पडले आणि वर ३,४९९चा खड्डा तेवढा दिसत राहिला. तोटा साडेतीन हजारांचा नव्हता, साडेनऊ हजारांचा होता. रुपयाने घसरून तो झाकला एवढेच. दर स्थिर राहिला असता तर आमच्या डोळ्यांत तो पहिल्याच दिवशी भरला असता.

इथे चलनबदलाची वाट थोडी समजून घ्यावी लागते. आपण कार्डाने पौंडात पैसे भरतो तेव्हा त्याचा रुपयांतला दर प्रथम ठरवते ते कार्डाचे जाळे, म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्ड. (प्रवासाच्या परवान्याशी याचा संबंध फक्त नावापुरता.) हा दर बाजारभावाच्या बराच जवळ असतो आणि या दोन्ही कंपन्यांच्या संकेतस्थळांवर तो कोणालाही पाहता येतो. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की, लागू होतो तो व्यवहार नोंदला जातो त्या दिवसाचा दर, आपण बटण दाबले त्या दिवसाचा असेलच असे नाही. या दरावर आपली बँक आपला वाटा चढवते. त्यालाच मार्कअप म्हणायचे. आपल्याकडे बऱ्याच कार्डांवर तो साडेतीन टक्के असतो, काहींवर दोन-अडीच. साडेतीनवर अठरा टक्के जीएसटी धरला की एकंदर ४.१३ टक्के होतात. शंभर पौंडांच्या खरेदीवर चार पौंडांहून अधिक.

माझ्या बिलावर या गोष्टी वेगळ्या ओळींत होत्या हे माझे नशीब. शुल्क रुपयांच्या आकड्यातच मिसळून एकच ठोक रक्कम दाखवली की ग्राहकाला वाटते, दरच तसा असेल. गोष्ट कळायला मग हातात कागद-पेन्सिल आणि त्या दिवसाचा दर दोन्ही हवे. आणि परतावा येतो तेव्हा काय होते? काही ठिकाणी निव्वळ दराने पैसे जमा होतात, आधी घेतलेले शुल्क मात्र तसेच बँकेकडे राहते; माझे हेच झाले. काही कार्डांच्या अटी याहून पुढे जातात. परतावा हाही परकीय चलनातला व्यवहारच, असे म्हणून त्याच्यावरही मार्कअप लावायचा. जाताना वर चढवायचा, येताना खाली कापायचा. तसे झाले असते तर दर ११५वर स्थिर धरूनही माझ्या भावाचे १८,९९८ रुपये गेले असते, एकही पौंड खर्च न होता. पुणे-मुंबई रस्त्यावर लोणावळ्यापर्यंत जाऊन गाडी बिघडली म्हणून परत आलात तरी दोन्ही वेळचा टोल द्यावा लागतो, हे खरे. पण निदान मधे तुम्ही रस्ता तरी वापरलेला असतो.

मी बँकेला पत्र लिहिले. तीन आठवड्यांनी अतिशय गोड इंग्रजीत उत्तर आले. सारांश असा, की शुल्क हे चलन बदलून देण्याच्या सेवेबद्दल आहे, ती सेवा दिली गेली आहे, विक्रेत्याने नंतर व्यवहार रद्द केला तरी दिलेली सेवा रद्द होत नाही, आणि हे सारे कार्डाच्या ‘अत्यंत महत्त्वाच्या अटी व शर्तीं’त नमूद आहे. मी त्या अटी काढून वाचल्या. आहे, नमूद आहे. माझ्या नाकावर चष्मा असूनही मला ती ओळ दोनदा शोधावी लागली, पण आहे. बँक खोटे बोलली नव्हती.

मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाची योजना पाहिली. २०२१ साली सगळ्या वित्तसंस्थांसाठी मिळून एकच लोकपाल योजना झाली ही चांगली गोष्ट. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले पटले नाही तर फुकट तक्रार करता येते. पण त्या योजनेत एक कलम असे होते की बँकेचा व्यापारी निर्णय हा तक्रारीचा विषय होऊ शकत नाही. कोणत्या सेवेचे किती शुल्क घ्यायचे हा व्यापारी निर्णयच. तेव्हा बँक आपल्याच अटींविरुद्ध वागली असती तर माझी तक्रार उभी राहिली असती. ती आपल्या अटींप्रमाणे वागली ही माझी अडचण होती.

बँकेची बाजू मी मन मोकळे ठेवून तपासली, कारण आयुष्य हिशेबाच्या टेबलावर गेलेल्या माणसाला फुकट सेवा मागायची लाज वाटते. फोर्टातल्या एखाद्या मनीचेंजरच्या फलकावर खरेदीचा दर वेगळा आणि विक्रीचा वेगळा असतो, याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. त्याला नोटा आणाव्या लागतात, तिजोरीत ठेवाव्या लागतात, खोट्या-खऱ्या पारखाव्या लागतात, आणि घेतलेले डॉलर विकले जाईपर्यंत दर पडला तर तोटा त्याचा असतो. कार्डाच्या व्यवहारात यातले काय आहे? नोट नाही, तिजोरी नाही. दराची जोखीम तर सगळी ग्राहकाचीच. मे महिन्याचा दरही त्याचा आणि ऑक्टोबरचाही. शिवाय विक्रेत्याकडून कार्डाच्या प्रत्येक व्यवहारामागे जो काही कट घेतला जातो त्यातला हिस्सा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो तो निराळाच. बरे, साडेतीन टक्के हा खरोखरीचा खर्च म्हणावा, तर त्याच बाजारात दोन टक्के मार्कअपची आणि काही तर शून्य मार्कअपची कार्डेही विकली जातात. त्यांची वार्षिक फी जास्त असेल, सवलती कमी असतील. पण चलन बदलायला साडेतीन टक्के खर्च येतो हे म्हणणे मग टिकत नाही. तो खर्च नाही, ती किंमत आहे. किंमत घ्यावी, जरूर घ्यावी. माल परत गेल्यावरही ती ठेवून घ्यावी का, एवढाच माझा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, रेल्वेचे तिकीट रद्द केले तरी पैसे कापतातच की! कापतात. पण रेल्वे त्याला ‘पूर्ण परतावा’ म्हणत नाही. गाडी सुटायला इतके तास असताना रद्द केलेत तर इतके जातील, हा तक्ता ती आधीच लावून ठेवते, आणि गाडी रेल्वेनेच रद्द केली तर पूर्ण पैसे देते. इथे विद्यापीठ ‘पूर्ण’ म्हणते ते त्याच्या जागी खरे असते, बँक ‘अटींप्रमाणे’ म्हणते तेही तिच्या जागी खरे असते, आणि या दोन खऱ्यांच्या मधे तासगावच्या मास्तरांचे साडेनऊ हजार अदृश्य होतात. एका बाजूला विक्रेता पौंड मोजतो, दुसऱ्या बाजूला बँक रुपये मोजते. दोन्ही एकत्र ठेवून बघायची पाळी फक्त ग्राहकावर येते, आणि तो बहुधा बघत नाही.

तो का बघत नाही, याचे एक कारण मला आमच्या पिढीच्या वळणात दिसते. साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी शिकायला निघालेल्या मुलाच्या खिशात आठ डॉलर असत, कारण सरकार तेवढेच देई. परकीय चलन ही राष्ट्राची ठेव होती आणि ते मागणारा माणूस जवळजवळ अपराधी. १९८० साली सेंट्रल बँकेने काढलेले ‘सेंट्रलकार्ड’ हे भारतीय बँकेचे पहिले क्रेडिट कार्ड मानले जाते. त्यानंतर कितीतरी वर्षे आपल्याकडच्या अनेक कार्डांवर ‘फक्त भारत आणि नेपाळमध्ये ग्राह्य’ असे छापलेले असे. माझ्या पहिल्या कार्डावर होते. १९९१नंतर दारे किलकिली झाली, २०००च्या जूनपासून जुना फेरा कायदा जाऊन फेमा आला, २००४मध्ये सामान्य नागरिकाला वर्षाला पंचवीस हजार डॉलर बाहेर पाठवण्याची मुभा मिळाली आणि पुढे ती मर्यादा वाढत अडीच लाख डॉलरपर्यंत गेली. ज्याने रांगेत उभे राहून मोजके डॉलर मिळवले त्याला, पौंड घरबसल्या भरता येतो याचेच अप्रूप इतके की चार टक्के कोणी घेतले तर तो मुकाट्याने देतो. वर आभारही मानतो. माझी मुले या मनोवृत्तीला हसतात, आणि तीही बिल वाचत नाहीत!

अमेरिकेत बिल वाचणारे काही निघाले. तिथेही प्रथा तीच होती. कार्डाच्या जाळ्याचा साधारण एक टक्का, बँकेचे दोन, आणि हे सारे चलनाच्या दरात मिसळून टाकलेले. ग्राहकांनी न्यायालयात दावे लावले, ते न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात एकत्र चालले. आरोप असा की व्हिसा, मास्टरकार्ड आणि काही मोठ्या बँका यांनी संगनमताने हे शुल्क ठरवले आणि ते ग्राहकाला दिसेल अशा रीतीने सांगितले नाही. प्रतिवादींनी आरोप मान्य केला नाही, पण २००६ साली ३३ कोटी ६० लाख डॉलर देऊन तडजोड केली. १९९६ ते २००६ या दहा वर्षांत अमेरिकी कार्ड परदेशात वापरलेल्या कोणालाही त्यातून दावा करता येत होता. डिसेंबरात न्यू जर्सीहून पुण्याला येऊन लक्ष्मी रोडवर साड्यांची खरेदी करणाऱ्या आपल्या मंडळींनाही. त्यातल्या किती जणांनी तो अर्ज भरला देव जाणे. पण आज अमेरिकेत कार्डाचा अर्ज करताना परदेशी व्यवहाराचे शुल्क किती, हे ठरावीक तक्त्यात डोळ्यांपुढे येते, आणि ते मुळीच न घेणारी कार्डेही भरपूर आहेत.

युरोपीय संघाने दुसरी वाट धरली. २०१९ साली त्यांनी नियम केला आणि एप्रिल २०२०पासून दुकानातल्या यंत्राने किंवा एटीएमने तुमचे चलन बदलून द्यायची तयारी दाखवली तर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा आपण किती टक्के जास्त घेतो आहोत, हे आधी सांगण्याचे बंधन घातले. पुढच्या वर्षापासून, संघातल्याच दुसऱ्या चलनात कार्ड चालवले तर आपल्या बँकेनेही तोच टक्का फोनवर कळवायचा. टक्केवारी आणि तीही एकाच मापाशी तोललेली. भाजीवाल्याचे वजन सरकारी शिक्क्याचे असावे, तसे.

आपल्या रिझर्व्ह बँकेने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असावेत, ज्याला हवे त्याने सुरू करावेत, हा नियम २०२०च्या ऑक्टोबरपासून लागू झाला आणि त्याने कितीतरी लोकांची फसवणूक टळली असेल. २०२२च्या निर्देशांत तर परताव्याचाही विचार होता. मुदतीपूर्वी परतावा आला तर तो देय रकमेतून ताबडतोब वजा करून कार्डधारकाला कळवावे, आणि विशिष्ट रकमेहून मोठा परतावा त्याच्या संमतीशिवाय कार्डातच जिरवू नये. ही मर्यादा कार्डाच्या उधारमर्यादेच्या एक टक्का किंवा पाच हजार रुपये, यांतली कमी असेल ती. या नियमाची फळे मला मिळाली. मी मागितल्यावर ते २,३६,००० माझ्या बचत खात्यात चार दिवसांत जमा झाले. म्हणजे परतावा केव्हा द्यावा, कुठे द्यावा याचा बारीक विचार झाला आहे. किती द्यावा, हे तेवढे राहिले.

माझे मागणे लहान आहे. परदेशी विक्रेत्याने एखाद्या व्यवहाराचे सगळे पैसे त्याच कार्डावर परत केले, तर त्या व्यवहारावर घेतलेला मार्कअप बँकेने जीएसटीसह परत करावा. कोणता परतावा कोणत्या खरेदीचा हे शोधणे संगणकाला जड नाही. फसवणुकीचा संशय आला की तोच संगणक रात्री दोन वाजता मला संदेश पाठवतो. कराचीही अडचण नसावी, कारण घेतलेले शुल्क परत केल्यास क्रेडिट नोट देऊन त्यावरचा कर वळता करण्याची सोय जीएसटी कायद्यात आहे. परताव्यावर पुन्हा मार्कअप लावण्याची अट तर सरळ काढून टाकावी. तिचे समर्थन मला बँकेत काम केलेल्या माझ्या मित्रांपैकी एकालाही करता आले नाही. आणि व्यवहाराच्या क्षणी फोनवर जो संदेश येतो त्यात ‘२००० पौंड’ एवढेच न लिहिता ‘अंदाजे इतके रुपये, त्यात शुल्क व कर इतके’ असे लिहावे. मे महिन्यातल्या त्या सकाळी तसा संदेश आला असता तर भाऊ बेदाण्यांचा पुडा सोडत असतानाच मी त्याला खरा आकडा सांगितला असता, आणि तो घ्यायचा की नाही हे त्याने ठरवले असते.

ते होईल तेव्हा होईल. तोवर आपण स्वतः एवढे करू शकतो की परदेशी व्यवहार करण्याआधी आपल्या कार्डाचा मार्कअप किती आणि परताव्यावर काय होते, हे बँकेला ई-मेलने विचारायचे. तोंडी नव्हे, तोंडी उत्तरे मला तीन मिळाली आणि तिन्ही निराळी होती. परदेशातल्या दुकानात यंत्राने ‘रुपयांत देणार की पौंडांत?’ असे विचारले तर पौंडांत म्हणावे. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो म्हणून आपण भुलतो, पण तो दर दुकानदाराच्या बाजूने लावलेला असतो आणि बहुधा बँकेच्या दराहून वाईट. त्यातून काही बँका अशा रुपयांतल्या व्यवहारावरही, विक्रेता परदेशात नोंदलेला आहे म्हणून, सुमारे एक टक्का घेतात. घरी बसून मुलांसाठी घेतलेल्या एखाद्या वर्गणीची किंमत रुपयांत दाखवली असली तरी हा टक्का लागू शकतो. आमच्या बिलावर तो सतरा रुपये सत्तर पैशांचा निघाला. आम्ही त्याला वर्षभर पोस्टेज समजत होतो.

आता राहिले ते ३,४९९ रुपये. मी २,३६,००० चेकने भावाला दिले आणि उरलेल्या रकमेचे पाकीट बरोबर घेऊन दिवाळीत गावी गेलो. कार्ड माझे, बँक माझी, अटी मी न वाचलेल्या; तेव्हा भरपाई मी करावी हे मला उघड दिसत होते. त्याने पाकीट परत माझ्या खिशात कोंबले. म्हणाला, ‘‘दादा, तुम्ही कुठे घेतलेत?’’ वहिनी मधे पडल्या, पत्नी मधे पडली, पाकीट दोनदा इकडून तिकडे गेले. शेवटी पोरगी म्हणाली, ‘‘काका, ठेवा तुमच्याकडे. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणारच आहे, तेव्हाच्या व्हिसाच्या फीत घालू.’’

तिने आता सांगलीत एका औषध कंपनीत नोकरी धरली आहे. नवा अर्ज गेला आहे, आणि खात्यातली शिल्लक ती स्वतः रोज सकाळी पाहते. या खेपेला डिपॉझिट बँकेतून पाठवायचे ठरले आहे. परकीय चलनाचा फॉर्म तिच्या वडिलांनी महिनाभर आधीच आणून भरून ठेवला आहे. त्यातल्या दराच्या रकान्यापुढे मास्तरांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले आहे, आणि शाखेत जाताना मला बरोबर चला म्हणतात.